दवबिंदूच्या संकराची कथा

पोटासाठीं ज्याला मारावयाचें, वंशासाठीं त्याचीच मनधरणी करावयाची, असा चमत्कारिक प्रसंग निसर्गानें ज्या थोड्या वनस्पतींवर आणला आहे, त्यांत दवबिंदू ही एक होय. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत साताऱ्याजवळील कासच्या पठारावर, तसेंच कोंकणांतील व गोमंतकांतील जांभ्याच्या सड्यांवर, जेथें मातीचा थर बोटभर असतो आणि त्यांतून सतत पाणी झिरपत असतें, तेथें ही इवलीशी वनस्पति उगवते. तिच्या पानांवर तांबूस केंस असतात आणि प्रत्येक केंसाच्या टोंकावर चिकट रसाचा एकेक थेंब चमकत असतो. त्या थेंबाला भुलून आलेलें चिलट परत जात नाहीं. मात्र त्याच रोपाच्या मध्यांतून एक नाजूक दांडा पानांपासून दूर वर चढतो, आणि त्याच्या शेंड्यावर लहानशीं फुलें उमलतात. खालीं मृत्यु व वर मेजवानी, अशी ही व्यवस्था आहे. या फुलांचें परागसिंचन मनुष्यानें आपल्या हातीं कसें घेतलें, दोन जातींचा संकर कसा घडला, आणि त्या संकरापासून जगाला कोणतें ज्ञान मिळालें, ही कथा मनोरंजक आहेच. पण ती आपल्या रोजच्या पोळीपर्यंतहि येऊन पोंचते.

दवबिंदूची ओळख जुनी आहे. युरोपांतील सोळाव्या शतकांतले वैद्य या वनस्पतीला लॅटिन भाषेंत ‘सूर्याचें दंव’ असें म्हणत. भर दुपारच्या उन्हांत इतर झाडांवरील दंव वाळून जातें, हिचें मात्र कायम राहतें, हें पाहून तिच्या अंगीं कांहीं विशेष जीवनशक्ति असावी असा त्यांचा समज झाला, व खोकल्यावरील औषधांत आणि मद्यार्कांतहि तिचा उपयोग होऊं लागला. लिनिअस यानें १७५३ सालीं वनस्पतींचें आपलें सुप्रसिद्ध वर्गीकरण छापलें, तेव्हां या कुळाला ‘ड्रॉसेरा’ हें नांव कायम झालें. ग्रीक भाषेंत ‘ड्रोसॉस’ म्हणजे दंव. म्हणजे नांवांतील कल्पना बदलली नाहीं, केवळ भाषा बदलली. आज या प्रजातींत सुमारें २५० जाति मोजल्या जातात व त्यांतील फार मोठा भाग ऑस्ट्रेलिया खंडांत आहे. भारतांत मुख्यतः तीन आढळतात. ड्रॉसेरा इंडिका ही लांब, दोऱ्यासारख्या पानांची. ड्रॉसेरा बर्मानी ही जमिनीलगत पानांचें चक्र पसरणारी. आणि ड्रॉसेरा पेल्टाटा ही जमिनींत बारीक कंद धरणारी, हिमालयांत व नीलगिरीसारख्या उंच डोंगरांत वाढणारी. कासच्या पठारावर यांपैकीं पहिल्या दोन दिसतात.

पानांवरील केंस हालतात व किडा पकडतात, ही गोष्ट १७८२ सालीं रोट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें छापून प्रसिद्ध केली होती. परंतु पाऊण शतकाहून अधिक काळ तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. झाडानें प्राणी खावा, ही कल्पनाच विद्वानांना सृष्टिक्रमाच्या विरुद्ध वाटे. ती कोंडी चार्ल्स डार्विननें फोडली. १८६० सालच्या उन्हाळ्यांत तो इंग्लंडच्या ससेक्स परगण्यांत विश्रांतीसाठीं गेला असतां, तेथील माळावर त्याला गोल पानांचा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया, दिसला. त्यानें सहज बारा रोपें उपटून पाहिलीं. त्यांवर पूर्ण उमललेलीं ५६ पानें होतीं, आणि त्यांतील ३१ पानांवर मेलेले किडे अथवा त्यांचे अवशेष होते. हा केवळ अपघात नव्हे, हें ओळखून त्यानें तीं रोपें घरीं नेलीं आणि पुढें वर्षानुवर्षें त्यांना नाना तऱ्हेचे पदार्थ देऊन पाहिले. पाण्याचे थेंब, साखर, डिंक यांना तीं दाद देत नाहींत. पण मांस, दूध, अंड्याचा पांढरा बलक यांवर केंस तत्काळ झुकतात, असें त्याला आढळलें. एका ग्रेनच्या ७८,७४० व्या भागाइतक्या वजनाचा मानवी केंसाचा तुकडादेखील त्या ग्रंथीला जाणवतो, हें त्यानें मोजून दाखविलें. या सर्व प्रयोगांचा ग्रंथ १८७५ सालीं बाहेर पडला. हें सारें काम कोणत्याहि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत झालें नाहीं. तें केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत, राहत्या घरीं झालें.

तथापि एक शंका उरली. झाड किडे पचवितें हें खरें. पण त्यापासून त्याला लाभ काय? उत्तर देण्याचें काम डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानें पतकरलें. १८७७ सालच्या उन्हाळ्यांत त्यानें सुमारें दोनशें रोपें आणून तीं जेवणाच्या मेजावरील सूप पिण्याच्या सहा खोलगट थाळ्यांत शेवाळ भरून लावलीं. प्रत्येक थाळीच्या मध्यें लांकडाची एक बुटकी पट्टी उभी केली. पट्टीच्या एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे, ग्रेनच्या पन्नासाव्या भागाइतके, कण द्यावयाचे व दुसऱ्या बाजूचीं उपाशीं ठेवावयाचीं, असा क्रम चालला. उपाशीं रोपांनीं चोरून किडे पकडूं नयेत, म्हणून सर्व थाळ्यांवर पातळ जाळीचें आच्छादन होतें. पुढील वर्षीं त्यानें निष्कर्ष प्रसिद्ध केला. पोसलेल्या बाजूस बोंडें जवळजवळ दुप्पट धरलीं, बियांची संख्या अडीचपटीच्या आसपास गेली आणि बियांचें एकूण वजन तर चौपटीच्या जवळ पोंचलें. म्हणजे पकडलेल्या किड्याचा खरा लाभ मिळतो तो पुढल्या पिढीला. पाने-मुळांपेक्षां बीं पुष्ट होतें, हें या प्रयोगाचें मर्म होय.

या प्रयोगांत आणखी एक गोष्ट ओघानेंच सिद्ध होते. जाळीखालीं जसे शिकार होणारे किडे येऊं शकत नव्हते, तसे पराग वाहणारे किडेहि येऊं शकत नव्हते. तरीहि बोंडें भरलीं. यावरून गोल पानांचा दवबिंदू प्रसंगीं स्वतःच्या परागानें स्वतःच फलित होतो, हें उघड आहे. ज्यानें दूतालाच गिळण्याचा धंदा आरंभिला, त्यानें दूत न आल्यास काम अडूं नये अशीहि तजवीज करून ठेविली. परंतु संकर करूं इच्छिणाऱ्या मनुष्यापुढें हीच तजवीज मोठी अडचण होऊन बसते.

ती अडचण समजण्यासाठीं फुलाची रचना पाहिली पाहिजे. दवबिंदूचा फुलोरा कोंवळेपणीं विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो व जसजशीं फुलें उमलतात तसतसा तो सरळ होत जातो. फूल लहान, बहुधा पांच पाकळ्यांचें. रंग पांढरा किंवा गुलाबी. मध्यें बीजकोश, त्याच्याभोंवतीं पांच पुंकेसर, आणि बीजकोशावर बहुधा तीन परागवाहिन्या. त्या बुडापासूनच दुभंगलेल्या असल्यामुळें पाहणाऱ्याला सहा वाटतात. फूल उमलतें तें ऊन असेल तरच, आणि तेंहि कांहीं तासांपुरतें. एका दांड्यावर सामान्यतः रोज एकच फूल उघडतें व दुपार टळतां टळतां मिटतें. अनेक जातींत मिटतांना पाकळ्या पुंकेसरांना आंत दाबतात, परागकोश कुक्षीला घांसतात आणि स्वयंसिंचन आपोआप घडतें. बी धरण्यापुरताच उद्देश असेल तर मनुष्याला येथें हात लावण्याचेंहि कारण नाहीं. पण कांहीं जाति याच्या उलट स्वभावाच्या आहेत. ऑस्ट्रेलियांतील कंदधारी व अतिशय बुटक्या अशा कित्येक जाति स्वतःच्या परागाचा स्वीकार करीत नाहींत; त्यांना दुसऱ्या रोपाचाच पराग लागतो, आणि घरांत एकच रोप असेल तर तें वर्षानुवर्षें फुलूनहि निपुत्रिक राहतें.

दोन जातींचा संकर करावयाचा तर ज्या फुलाला आई करावयाचें, त्याचे पुंकेसर परागकोश फुटण्यापूर्वींच काढून टाकावे लागतात. फूल सकाळीं उमलूं लागतांच, किंवा कळी पुरी उघडण्यापूर्वींच, बारीक टोंकाच्या चिमट्यानें व भिंगाच्या साहाय्यानें हें काम करावें लागतें. हात किंचित् चुकला तर कुक्षि दुखावते आणि किंचित् उशीर झाला तर फुलानें आपला कार्यभाग उरकलेला असतो. मग पित्याच्या फुलांतील एक पुंकेसर चिमट्यानेंच तोडून त्याचा परागकोश आईच्या कुक्षीच्या सर्व शाखांवर हलकेच फिरवावयाचा. ब्रश वापरण्यापेक्षां ही रीत बरी. कारण ब्रशाच्या केंसांत अडकलेला मागचा पराग पुढच्या फुलावर जाण्याचें भय असतें, आणि दवबिंदूचे परागकण तर चार-चारांच्या झुपक्यांनींच सुटत असतात. दोन्ही जातींचीं फुलें एकाच सकाळीं मिळणें हा नशिबाचा भाग आहे. म्हणून जाणते लोक दोन्हींचीं अनेक रोपें बाळगतात. त्यानंतर त्या फुलाच्या देंठाला रंगीत दोरा बांधावयाचा, आणि आई कोण, पिता कोण, दिवस कोणता, हें चिठ्ठीवर लिहून ठेवावयाचें. कांहीं आठवड्यांनीं बोंड तपकिरी होऊन फुटतें. बीं धुळीसारखें बारीक असतें. तें कागदावर झेलून दलदलींतील कुजक्या शेवाळाची माती व धुतलेली वाळू यांच्या ओल्या मिश्रणावर नुसतें भुरभुरावयाचें. वर माती घालावयाची नाहीं. पाणी पावसाचें अथवा ऊर्ध्वपातित असावें. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार या वनस्पतीला सोसत नाहींत. खताचा तर तिला स्पर्शहि नको. गरीब मातींत राहण्याची जन्माची संवय असल्यामुळें श्रीमंतीनेंच ती मरते.

मनुष्यानें हा उद्योग आरंभण्यापूर्वीं निसर्ग तो करीतच होता. १८२६ सालीं मेर्टेन्स व कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनीं ड्रॉसेरा ओबोव्हाटा या नांवाची एक वनस्पति वर्णिली. तिचें पान धड गोल नाहीं व धड लांब नाहीं. ती जेथें सांपडे, तेथें तिच्या आसपास गोल पानांचा रोटुंडिफोलिया व लांब पानांचा ड्रॉसेरा अँग्लिका हे दोघेहि असत. पुढें ध्यानांत आलें कीं, ही स्वतंत्र जाति नसून या दोघांचा संकर आहे. रोप जोमदार, फुलें नियमित. पण बोंडांत बीं नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत असाच दुसरा संकर मॅक्फार्लेन या प्राध्यापकाला आढळला. ड्रॉसेरा फिलिफॉर्मिस व ड्रॉसेरा इंटरमीडिया यांच्यापासून झालेल्या या रोपाला त्यानें १८९९ सालीं ‘हायब्रिडा’ असेंच नांव दिलें. तोहि वांझच होता. संकराचें वांझपण शास्त्राला नवें नव्हतें. १७६० नंतरच्या दशकांत कोलरॉयटर यानें तंबाखूच्या दोन जातींचा संकर मुद्दाम करून पाहिला, तेव्हां त्यालाहि हेंच दिसलें, आणि त्यानें त्या रोपांची तुलना घोडा व गाढव यांच्या खेंचराशीं केली. पण खेंचर वांझ कां, याचें उत्तर दीडशें वर्षें कोणाजवळहि नव्हतें. कोणी म्हणत, हा निसर्गाचा दंडक आहे. कोणी म्हणत, दोन रक्तें जुळत नाहींत. ही कारणें नव्हेत, केवळ निराळ्या शब्दांत सांगितलेला तोच प्रश्न होय.

या प्रश्नाची गांठ सुटण्यास प्रारंभ झाला तो याच वांझ दवबिंदूपासून. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील ऑटो रोझेनबेर्ग यानें १९०३ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या पेशी तपासल्या. मेंडेलच्या १८६६ सालच्या विस्मृत निबंधाचा पुन्हां शोध लागून त्या वेळीं अवघीं तीन वर्षें झालीं होतीं, आणि आनुवंशिक गुण पेशींतील गुणसूत्रांवरून वाहत येतात, ही कल्पना नुकतीच पुढें येत होती. रोझेनबेर्गच्या सुदैवानें दोन्ही आईबापांचीं गुणसूत्रें संख्येनें भिन्न होतीं. गोल पानांच्या दवबिंदूच्या पेशींत २० आणि लांब पानांच्याच्या पेशींत ४०. पराग अथवा बीजाण्ड तयार होतांना ही संख्या निम्मी होते. म्हणून संकराला एकाकडून १० व दुसऱ्याकडून २० मिळालीं, आणि त्याच्या पेशींत ३० भरलीं. येथपर्यंतचा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. खरी मौज पुढें आहे. पराग तयार होण्याच्या वेळीं प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याच्याशेजारीं उभें राहतें व मग जोडपें विभक्त होऊन एकेक घटक एकेका बाजूला जातो. संकराच्या पेशींत रोझेनबेर्गला १० जोड्या दिसल्या आणि १० गुणसूत्रें एकटींच राहिलेलीं दिसलीं. जोड्यांची वांटणी यथास्थित झाली. पण एकट्यांना वाली नव्हता. तीं कांहीं इकडे, कांहीं तिकडे, तर कांहीं मध्येंच भरकटलीं. अशा अव्यवस्थित वांटणीचे परागकण बहुतेक सुरकुतलेले व निरुपयोगी निघाले. वांझपणाचें कारण प्रथमच डोळ्यांना दिसलें, आणि तें मोजतांहि आलें. रोझेनबेर्गनें हें काम पुढें चालवून १९०९ सालीं विस्तृत प्रबंध लिहिला. तेव्हांपासून अशा प्रकारच्या जुळणीला पेशीशास्त्रांत ‘ड्रॉसेरा-पद्धति’ असेंच नांव पडलें.

दलदलींतील एका क्षुद्र रोपाची ही आंकडेमोड शेतकऱ्याच्या काय कामाची, असें कोणीहि विचारील. जपानांतील क्योटो येथील हितोशी किहारा यानें १९१९ पासून गव्हाच्या संकरांवर हीच पद्धति लावली. गव्हाच्या एका गटांत २८ गुणसूत्रें असतात. आपल्याकडील खपली गहूं या गटांतला. पोळीच्या नेहमींच्या गव्हांत ४२ असतात. दोहोंच्या संकरांत ३५ येतात, आणि पराग तयार होतांना त्यांतून १४ जोड्या जुळून ७ गुणसूत्रें एकटीं राहतात. म्हणजे पोळीच्या गव्हांत खपलीच्या गटाचा सारा वारसा आहे, व शिवाय आणखी कोणा तिसऱ्याचीं सात जोड गुणसूत्रें आहेत. तो तिसरा म्हणजे एक रानटी गवत होय, हें पुढें सिद्ध झालें. महाराष्ट्रांत परंपरेनें पिकणाऱ्या खपलीला तांबेरा रोगाचा प्रतिकार करण्याची जी शक्ति आहे, तिच्याकडे परदेशांतील शास्त्रज्ञांचें लक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच गेलें होतें. एका गव्हाचा गुण दुसऱ्यांत आणावयाचा तर कोणतीं गुणसूत्रें जुळतील व कोणतीं भरकटतील, हें आधीं ठाऊक पाहिजे. तें पाहण्याची दृष्टि प्रथम दवबिंदूनें दिली.

वांझपणाचें कारण समजतांच त्याचा उपायहि सुचला. १९१७ सालीं डेन्मार्कच्या विंगे यानें असा विचार मांडला कीं, संकराचीं सारीं गुणसूत्रें एकदां दुप्पट झालीं, तर प्रत्येकाला स्वतःचीच प्रतिकृति जोडीदार म्हणून मिळेल, एकटें कोणीच राहणार नाहीं, आणि संकर सुफल होऊन नवी जाति जन्माला येईल. दवबिंदूंत याचें सुंदर उदाहरण जपानच्या तोकाई भागांत आहे. तेथें २० गुणसूत्रांचा रोटुंडिफोलिया व ४० गुणसूत्रांचा ड्रॉसेरा स्पॅच्युलाटा यांच्या संकराचें ३० गुणसूत्रांचें रूप वांझ आहे, तर ६० गुणसूत्रांचें रूप भरपूर बीं देतें. या सुफल रूपाला १९९१ सालीं ड्रॉसेरा तोकाएन्सिस अशी स्वतंत्र जाति म्हणून मान्यता देण्यांत आली.

त्याहून आश्चर्याची गोष्ट रोझेनबेर्गच्याच लांब पानांच्या दवबिंदूची आहे. अमेरिकेच्या वुड या शास्त्रज्ञानें १९५५ सालीं असें दाखविलें कीं, ४० गुणसूत्रांचा हा अँग्लिका मूळचा स्वतःच एक संकर असावा. उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांच्या भोंवतीं ड्रॉसेरा लिनिआरिस नांवाची २० गुणसूत्रांची जाति आहे. तिचा व रोटुंडिफोलियाचा संकर तेथें आजहि होतो, व तो वांझ असतो. प्राचीन काळीं अशाच एखाद्या संकराचीं गुणसूत्रें दुप्पट होऊन अँग्लिका निर्माण झाला असला पाहिजे. हें अनुमान आज सामान्यतः मान्य झालें आहे, आणि त्यामुळें १९०३ मधील आंकड्यांचा अर्थहि लागतो. अँग्लिकानें दिलेल्या २० गुणसूत्रांपैकीं १० मूळचीं रोटुंडिफोलियाचींच. तीं आपल्या सगोत्रांना ओळखून जुळलीं. उरलेलीं १० लिनिआरिसचीं; तीं परक्या घरांत एकटीं पडलीं. रोझेनबेर्गनें जें पाहिलें, तें मूळ घराण्यांत परतून आलेल्या नातवाचें लग्न होतें, असें म्हणतां येईल.

गुणसूत्रें दुप्पट करण्याचें साधन मनुष्याच्या हातीं १९३७ सालीं आलें. ब्लेक्सली व एव्हरी यांनीं कोल्चिसीन या द्रव्याचा हा गुण त्या वर्षीं प्रसिद्ध केला. हें द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदांत व बियांतहि असतें, आणि तें प्राणघातक विष आहे. कुशल संवर्धकांनीं दवबिंदूच्या वांझ संकरांवर त्याचा प्रयोग केला असला, तरी मुलाबाळांच्या घरांत तें आणण्याजोगें नव्हे. सुदैवानें त्याची गरजहि नाहीं. दवबिंदूचें पूर्ण पान देंठासह काढून ओल्या शेवाळावर ठेवलें, तर पुष्कळ जातींत त्यावर नवीं रोपें फुटतात. वांझ संकराचा वंश बियांनीं नाहीं, तर पानांनीं अखंड चालवितां येतो.

या सोयीमुळेंच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा छंद घरोघरीं पसरला. १९७२ सालीं अमेरिकेंत मांसाहारी वनस्पतींच्या हौशी संवर्धकांसाठीं एक नियतकालिक निघालें, व त्याच्याभोंवतीं एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याच्या संस्थापकांपैकीं जो मॅझ्रिमस यांनीं फिलिफॉर्मिसच्या दोन प्रकारांचा संकर करून ‘कॅलिफोर्निया सनसेट’ हा प्रकार सिद्ध केला. इंग्लंडांत एड्रियन स्लॅक यांनीं १९७९ सालीं लिहिलेल्या पुस्तकानें अनेकांना या वनस्पतींची गोडी लागली. दुभंगलेल्या पानांच्या ड्रॉसेरा बायनाटापासून त्यांनीं ‘मार्स्टन ड्रॅगन’ हा संकर निर्माण केला. नांवांचा गोंधळ होऊं नये म्हणून १९९८ सालापासून या संस्थेकडे मांसाहारी वनस्पतींच्या लागवडींतील प्रकारांची जागतिक नोंदणी सोंपविण्यांत आली. नोंदणीचा हा आग्रह निष्कारण नाहीं. संकराच्या रोपाकडे नुसतें पाहून त्याचें कुळ सांगतां येत नाहीं. ज्यानें पराग लावला त्याच्या चिठ्ठीवरच पुढील सर्वांचा विश्वास असतो. परागकोश काढण्यास उशीर झाला आणि फूल स्वयंसिंचित झालें, तर उगवणारीं रोपें हुबेहूब आईसारखीं होतात. तीं संकर म्हणून वांटणें म्हणजे पुढल्या शंभर लोकांच्या हातीं खोटें नाणें देणें होय. म्हणून खरा संवर्धक रोपांत पित्याचें लक्षण स्पष्ट दिसेपर्यंत संकराचें नांव उच्चारीत नाहीं.

मुंबई-पुण्याच्या हवेंत हा छंद करूं इच्छिणाऱ्यानें जातीची निवड विचारानें करावी. थंड देशांतील रोटुंडिफोलिया हिवाळ्यांत कळीच्या रूपानें निद्रा घेतो; ती निद्रा त्याला येथें मिळत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील ड्रॉसेरा कॅपेन्सिस किंवा पूर्वेकडील स्पॅच्युलाटा या सोशिक जाति अधिक बऱ्या. दोन्ही स्वतःच बीं धरतात, आणि परागसिंचनाचा हात बसविण्यास त्यांचीं फुलें पुरेशीं आहेत.

परंतु हौस भागविण्यासाठीं कासच्या पठारावरून रोप उपटून आणणें हा मात्र अपराध समजला पाहिजे. इंडिका व बर्मानी यांचें आयुष्य एका हंगामाचें. पाऊस ओसरला कीं रोप वाळतें व पुढच्या वर्षाची सारी आशा त्या धुळीसारख्या बियांत राहते. फुलावर आलेलें रोप उपटणाराला घरीं चार दिवसांचें कौतुक मिळतें. पण पठाराचें पुढील वर्षाचें पीक तो बियांसकट घेऊन जातो. कासचें पठार २०१२ सालीं सह्याद्रीच्या इतर भागांसह जागतिक वारसास्थानांत समाविष्ट झालें. तो मान तेथें पाहुणा म्हणून जाणाऱ्यानेंहि राखावयाचा आहे. घरांत केलेला संकर रानांत नेऊन लावणें हेंहि तितकेंच अनुचित. कारण रानांतील वनस्पतींची वंशावळ निसर्गानें युगानुयुगें लिहिली आहे, आणि तींत कोणीं सहज गंमत म्हणून ओळ घालूं नये.

डार्विननें राहत्या घरीं प्रयोग केले. फ्रान्सिसनें सूपाच्या थाळ्यांत शेवाळ घालून बियांचें वजन केलें. रोझेनबेर्गनें ज्याला बीं धरत नाहीं असें रोप घेऊन त्याचीं गुणसूत्रें मोजलीं. यांपैकीं कोणाचेंहि साहित्य दुर्मिळ नव्हतें. जें इतरांनीं निरुपयोगी म्हणून सोडून दिलें, त्याच्याजवळ ते अधिक वेळ बसले, मोजीत राहिले आणि मोजलेलें खरें तेंच लिहीत गेले. वांझ म्हणून हिणविलेल्या एका रोपानें गव्हाच्या कणसाचा इतिहास उलगडून दाखविला, हें त्या प्रामाणिक मोजणीचेंच फळ होय.